निळा चौकोन: चांगल्या डिस्कचा की वाचता न आलेल्या ब्लॉकचा?

माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी आलेली हार्ड डिस्क जोडली की मी बहुतेक वेळा दोन प्रोग्राम उघडतो. पहिला क्रिस्टलडिस्कइन्फो, जो डिस्कने स्वतःबद्दल नोंदवलेली स्मार्ट माहिती वाचून तिची अवस्था एका रंगीत चौकटीत सांगतो, आणि दुसरा व्हिक्टोरिया, जो डिस्कचा पृष्ठभाग ब्लॉकमागून ब्लॉक वाचून प्रत्येक ब्लॉकला किती वेळ लागला ते रंगीत चौकोनांनी दाखवतो. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळा रंग म्हणजे डिस्क चांगली, पिवळा म्हणजे सावध राहा, लाल म्हणजे वाईट आणि राखाडी म्हणजे अवस्था अज्ञात. व्हिक्टोरियामध्ये, निदान ज्या ४.४६ आवृत्तीवर आमच्यासारख्या अनेकांचा हात बसला आहे तिच्यात, राखाडी म्हणजे सुरळीत वाचला गेलेला ब्लॉक आणि निळा म्हणजे वाचताच न आलेला ब्लॉक. एकाच टेबलावर, एकाच डिस्कसाठी, शेजारशेजारच्या दोन खिडक्यांत निळ्या आणि राखाडी या दोन्ही रंगांचे अर्थ असे उलटे होतात. सरावलेल्या माणसाला याची अडचण वाटत नाही. परंतु नव्याने काम शिकणाऱ्या मुलाला, किंवा आपल्याच डिस्कचे काय झाले आहे ते पडद्याकडे पाहून समजून घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाला, हे समजावून सांगताना मला दर वेळी असे वाटत आले आहे की या विषयाचा कोणी तरी नीट विचार करायला हवा. गेले काही महिने स्वतःच्या वापरासाठी एक छोटा स्कॅन प्रोग्राम लिहीत असल्यामुळे तो विचार करणे मला भागच पडले, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

हा विषय सजावटीचा वाटू शकेल, पण तो तसा नाही. स्कॅन चालू असताना पडद्यावर जे उमटते त्यावरून एक निर्णय घ्यायचा असतो आणि तो बहुधा लवकर घ्यायचा असतो. डिस्क तशीच पुढे वाचत राहायची, की स्कॅन ताबडतोब थांबवून आधी तिची संपूर्ण प्रत काढून घ्यायची, हा तो निर्णय होय. हेड, म्हणजे डिस्कवरची माहिती वाचणारा भाग, खराब होऊ लागलेल्या डिस्कवर अर्धा तास जास्त स्कॅन चालवणे म्हणजे ज्या फोटोंसाठी आणि हिशेबाच्या फायलींसाठी ग्राहक आपल्याकडे आला आहे त्यांनाच धोक्यात घालणे आहे. तेव्हा पडद्यावरचा रंग चार फुटांवरून, दुसरे काम करता करता, एका नजरेत आणि निःसंदिग्धपणे कळला पाहिजे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की या प्रोग्रामांत दाखवायच्या गोष्टी दोन वेगळ्या जातींच्या आहेत. ब्लॉक वाचायला लागलेला वेळ हे प्रमाण आहे. ते कमी-जास्त होते आणि त्याला क्रम असतो. ब्लॉक वाचता न येणे हे मात्र प्रमाण नव्हे, ती वेगळीच घटना आहे. ‘फार हळू’ आणि ‘अजिबात नाही’ यांच्यामधले अंतर ‘जलद’ आणि ‘थोडे हळू’ यांच्यामधल्या अंतरासारखे नसते. अनेक प्रोग्राम या दोन्ही गोष्टी एकाच रंगपट्टीत ओळीने बसवतात आणि गोंधळाची सुरुवात तेथून होते.

वेळेच्या पायऱ्या कोठे तोडायच्या हे ठरवताना डिस्कच्या फिरण्याचा हिशेब उपयोगी पडतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला सुमारे ११.१. सेक्टर म्हणजे डिस्कवर माहिती साठवण्याचा सर्वांत लहान तुकडा. दोनशे छप्पन्न सेक्टरचा एक ब्लॉक, म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटच्या हिशेबाने १२८ किलोबाइट, सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने सलग वाचताना एक मिलिसेकंदही लागत नाही. एखादा सेक्टर पहिल्या प्रयत्नात नीट वाचला गेला नाही तर डिस्कला तोच सेक्टर पुन्हा हेडखाली येण्याची वाट पाहावी लागते, आणि म्हणून प्रत्येक फेरप्रयत्नामागे निदान एका फेऱ्याइतका वेळ वाढतो. या हिशेबाने ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर ज्या ब्लॉकला २०० मिलिसेकंद लागले, त्यासाठी डिस्क चोवीस वेळा फिरली आहे आणि ६०० मिलिसेकंद लागले असतील तर बहात्तर वेळा. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की पायऱ्यांना अर्थ येतो. १० मिलिसेकंदांच्या आतला ब्लॉक निरोगी, ५० पर्यंतचा एखाद-दुसऱ्या अडखळण्याचा, कदाचित संगणकाच्याच दुसऱ्या कामामुळे रेंगाळलेला, २०० पर्यंतचा लक्ष ठेवण्याजोगा, आणि त्यापुढचा असा की डिस्क त्या जागी अक्षरशः झुंजते आहे. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे तिच्यासाठी या मर्यादा लागू होत नाहीत, त्या वेगळ्या ठरवाव्या लागतात. येथे मी फिरणाऱ्या डिस्कविषयीच बोलतो आहे.

प्रमाण दाखवायचे असेल तर रंगांना असा क्रम हवा की जो शिकवावा लागू नये. माणसाच्या डोळ्याला असा क्रम रंगाच्या जातीत दिसत नाही, उजळपणात दिसतो. हिरवा आधी की जांभळा आधी हे कोणालाही न सांगता कळत नाही; फिकट आधी आणि गडद नंतर हे मात्र लहान मुलालाही कळते. शास्त्रीय आलेखांच्या क्षेत्रात ही चर्चा बरीच झाली आहे. मॅटप्लॉटलिब या प्रसिद्ध प्रणालीने आपली इंद्रधनुष्यासारखी जुनी रंगपट्टी सोडून २०१७ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून ‘व्हिरिडिस’ ही पट्टी मूळ निवड म्हणून स्वीकारली, ती याच कारणासाठी. व्हिरिडिसमध्ये गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाताना उजळपणा एकसारखा वाढत जातो आणि तिची काळी-पांढरी प्रत काढली तरी क्रम टिकून राहतो.

या कसोटीवर व्हिक्टोरियाची रंगपट्टी अर्धी उत्तम आहे. तिच्या ५, २० आणि ५० मिलिसेकंदांच्या पहिल्या तीन पायऱ्या राखाडीच्या चढत्या गडद छटांमध्ये आहेत. ही निवड मला अतिशय समंजस वाटते, कारण निरोगी डिस्कवर पडदा शांत राहतो आणि वेगळे काही घडले तरच डोळा तिकडे वळतो. अडचण चौथ्या पायरीपासून सुरू होते. २०० मिलिसेकंदांच्या ब्लॉकला हिरवा रंग दिला आहे, त्यापुढे ६०० ला नारिंगी आणि त्याहून जास्त वेळेला लाल. ज्याने ट्रॅफिक सिग्नल पाहिला आहे त्या प्रत्येकाला हिरवा म्हणजे ठीक असेच वाटणार, आणि येथे तर हिरवा चौकोन हा निरोगीपणातून बाहेर पडल्याची पहिली खूण आहे. शिवाय राखाडीवर राखाडी पाहत असताना मध्येच हिरवे ठिपके उमटू लागले की पाहणाऱ्याला डिस्क सुधारते आहे असे वाटण्याचा संभव असतो. हार्ड डिस्क सेंटिनेल या प्रोग्रामच्या पृष्ठभाग चाचणीत याच्या उलट युक्ती आहे. तेथे चांगले ब्लॉक हिरवे असतात आणि सरासरीपेक्षा हळू वाचला गेलेला ब्लॉक गडद हिरवा होत जातो. म्हणजे रंगाची जात तीच राहते आणि प्रमाण उजळपणाने सांगितले जाते. तत्त्व म्हणून मला हे अधिक पटते.

आता उजळपणाचाच थोडा हिशेब करू, कारण रंग निवडताना बहुतेक लोक रंगाचे नाव निवडतात, उजळपणा निवडत नाहीत. पडद्यावरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशांचा डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणातला वाटा सारखा नसतो. वेबवरील सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये जे सूत्र वापरले जाते त्यात हिरव्याचा वाटा ०.७१५२, लालचा ०.२१२६ आणि निळ्याचा अवघा ०.०७२२ आहे. दोन रंगांच्या उजळपणात प्रत्येकी ०.०५ मिळवून मोठ्याला लहानाने भागले की त्यांच्यातील कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर मिळते. साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ असावे असे ही तत्त्वे सांगतात, आणि २०१८ साली आलेल्या २.१ आवृत्तीपासून चिन्हे व आकृत्यांच्या अर्थवाही भागांसाठी किमान ३ ची अपेक्षा केली आहे.

हे सूत्र लावून पाहिले की नेहमीच्या रंगांची अवस्था उघड होते. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा: १.०७. म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर ‘सावध’ असे पिवळ्या अक्षरांत लिहिणे आणि न लिहिणे जवळपास सारखेच. पांढऱ्यावर शुद्ध हिरवा: १.३७. पांढऱ्यावर शुद्ध लाल: ४.०, म्हणजे चौकोनासाठी पुरेसा, पण बारीक अक्षरांसाठी तोही कमी. काळ्यावर शुद्ध निळा: २.४४. कमांडच्या काळ्या खिडकीत पूर्वी जो गडद निळा असे, त्याचे गुणोत्तर १.३ च्या आसपास येते; विंडोजच्या कन्सोलमध्ये तो निळा वाचता येत नाही या कारणाने २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या खिडकीचे मूळ रंगच बदलले. या सर्वांपेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटलेला आकडा वेगळाच आहे. शुद्ध लाल आणि जुन्या सोळा रंगांच्या यादीतला गडद हिरवा, म्हणजे ‘वाईट’ आणि ‘चांगले’ यांसाठी हात आपोआप जातो ते दोन रंग, एकमेकांशेजारी ठेवले तर त्यांच्यातील गुणोत्तर भरते १.२८. उजळपणाच्या दृष्टीने ते जवळजवळ एकच आहेत. त्यांच्यातला सगळा फरक केवळ रंगाच्या जातीचा आहे, आणि ज्याच्या डोळ्याला तो जातीचा फरक जाणवत नाही त्याच्यासाठी फरकच उरत नाही.

अशी माणसे थोडी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये लाल-हिरव्याचा भेद कमी जाणवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के, म्हणजे बारात एक, आणि स्त्रियांमध्ये अर्धा टक्का मानले जाते. या दृष्टिदोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पुरुषांत तो इतका जास्त आढळतो. भारतात हे प्रमाण कमी असल्याचे मानले जाते, पण आपल्याकडच्या हार्डवेअर दुरुस्तीच्या व्यवसायात पुरुषच बहुसंख्य आहेत हेही ध्यानात घेतले पाहिजे. माझे एक सहकारी असे आहेत. एचडी ट्यून या प्रोग्रामच्या एरर स्कॅनमध्ये हिरव्या चौकोनांच्या पटावर एखादा लाल चौकोन उमटला तर तो त्यांना शोधावा लागतो, आणि म्हणून स्कॅन चालू असताना ते पटाकडे न पाहता शेजारच्या आकड्यांकडे पाहतात. ते कामात अतिशय काटेकोर आहेत आणि बॅड सेक्टर त्यांच्या नजरेतून सुटत नाही, पण त्यांना हा वळसा घ्यावा लागावा याचे मला वाईट वाटते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाच मिनिटे विचार केला असता तर तो टळला असता.

या दोषाचेही प्रकार आहेत आणि रंग निवडताना त्यांतला फरक कामाचा आहे. ज्यांच्या डोळ्यांत लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी काम करत नाहीत, त्यांना लाल रंग केवळ वेगळा दिसतो असे नाही, तो काळवंडलेला दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा शुद्ध लाल चौकोन आपल्याला जळजळीत वाटतो, तर त्यांना तो पार्श्वभूमीत विरघळल्यासारखा भासतो. हल्ली प्रत्येक प्रोग्रामला काळी थीम दिली जाते आणि बहुधा फक्त पार्श्वभूमी उलटी करून लाल तसाच ठेवला जातो. म्हणजे सर्वांत महत्त्वाची खूण काही लोकांसाठी सर्वांत अस्पष्ट होऊन बसते. पार्श्वभूमी बदलली की उजळपणाचा क्रमही उलटवला पाहिजे. पांढऱ्या पटावर सर्वांत वाईट ब्लॉक सर्वांत गडद असावा आणि काळ्या पटावर तोच सर्वांत उजळ असावा, असे माझे मत आहे.

मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सर्व प्रकारच्या डोळ्यांना वेगळे ओळखू येतील अशा आठ रंगांचा एक संच सुचवला आहे, आणि माझ्या मते या कामासाठी सुरुवात त्याच्यापासून करावी. त्या संचात काळ्याबरोबर नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि लालसर जांभळा हे रंग आहेत. यांत शुद्ध लाल मुळीच नाही. त्याच्या जागी जो शेंदरी आहे, २५५ पैकी लाल २१३, हिरवा ९४ आणि निळा ०, तो लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्यांनाही निळ्यापासून आणि राखाडीपासून वेगळा दिसतो आणि काळ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट ५.४ इतका भरतो. धोक्याचा रंग म्हणून आपल्या डोळ्यालाही तो परका वाटत नाही.

परंतु रंग कितीही विचारपूर्वक निवडले तरी एकट्या रंगावर अर्थ सोपवू नये, हे वर उल्लेखिलेल्या तत्त्वांमध्येही स्वतंत्रपणे सांगितले आहे, आणि गंमत अशी की हार्ड डिस्क तपासणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना हे कोणी न सांगता कळले होते. अक्षरांच्या पडद्यावर चालणाऱ्या एमएचडीडीमध्ये वेळेच्या पायऱ्या रंगांनी दाखवल्या जात, पण चुकांना प्रत्येकी स्वतःचे चिन्ह होते. दुरुस्त न होणाऱ्या ब्लॉकला फुली, वेळेत उत्तर न आल्यास प्रश्नचिन्ह, आज्ञा मध्येच सोडून दिली गेल्यास उद्गारचिन्ह, बॅड ब्लॉक म्हणून नोंदलेल्याला तारा. एमएस-डॉस ६ मधल्या, फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणाऱ्या डीफ्रॅगच्या पटावर बॅड ब्लॉकसाठी ‘बी’ आणि न हलवता येणाऱ्यासाठी ‘एक्स’ ही अक्षरे होती. खराब डिस्कची प्रत काढणारे ग्नू डीडीरेस्क्यू आपल्या नकाशाच्या फायलीत आजही वाचून झालेल्या भागासाठी अधिकचे, बॅड सेक्टरसाठी उण्याचे आणि अद्याप प्रयत्नच न झालेल्या भागासाठी प्रश्नचिन्ह वापरते, आणि ती फाइल कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडून डिस्कचे काय झाले ते वाचता येते. त्या काळातल्या पडद्यांना रंग थोडे होते आणि कित्येक पडदे एकरंगीच होते, म्हणून चिन्हांवाचून गत्यंतर नव्हते. पुढे लाखो रंग मिळाले आणि काही प्रोग्रामांतून चिन्हे गळून पडली. व्हिक्टोरियाने निळ्या चौकोनात फुली ठेवली आहे याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

चिन्ह दिसायचे तर चौकोन पुरेसा मोठा हवा, आणि येथे एक खरी अडचण उभी राहते. एक टेराबाइटच्या डिस्कवर ५१२ बाइटच्या हिशेबाने १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. २५६ सेक्टरचा एक ब्लॉक धरला तर सुमारे ७६ लाख ब्लॉक होतात. पडद्यावर इतके चौकोन मावणे शक्यच नाही. मग एकतर चौकोन वर सरकत जाऊन दिसेनासे होतात, किंवा संपूर्ण डिस्कचा पट काही हजार चौकोनांत बसवून प्रत्येक चौकोन हजारो ब्लॉकांचा प्रतिनिधी केला जातो. दुसऱ्या पद्धतीत प्रश्न येतो तो चौकोनाला रंग कोणत्या ब्लॉकचा द्यायचा याचा. सरासरी काढली तर दोन हजार निरोगी ब्लॉकांत एक मेलेला ब्लॉक बेमालूम बुडून जातो आणि पट स्वच्छ दिसतो. हे मला सर्वांत घातक वाटते. चौकोनाचा रंग त्यातल्या सर्वांत वाईट ब्लॉकचा असला पाहिजे, आणि त्यावर टिचकी मारली की आत नेमके किती ब्लॉक कोणत्या पायरीवर आहेत ते आकड्यांत दिसले पाहिजे. पट भयावह दिसतो अशी तक्रार यावर होईल, पण ती डिस्क घेऊन आलेल्या माणसाला तो एक मेलेला ब्लॉक माहीत असणेच गरजेचे आहे.

चौकोन लहान करण्याला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती पडद्याची नसून डोळ्याची आहे. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, जेथे आपली नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तेथे निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी जवळपास नसतातच. त्यामुळे फार लहान ठिपक्यांमध्ये गडद निळा आणि काळा, किंवा पिवळा आणि पांढरा, हे निरोगी डोळ्यालाही नीट वेगळे दिसत नाहीत. रंगनिवडीच्या चौकटीत मोठ्या तुकड्यावर जो निळा सुंदर दिसला, तोच चार पिक्सेलच्या चौकोनात करडा भासतो. म्हणून रंग ठरवताना ते प्रत्यक्ष आकारात, प्रत्यक्ष गर्दीत आणि हातभर अंतरावरून पाहूनच ठरवावेत.

पृष्ठभागाच्या पटाबद्दल इतके. स्मार्टच्या तक्त्यात प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तेथे रंग मापन दाखवत नाही, निवाडा सांगतो. क्रिस्टलडिस्कइन्फो ०५, सी५ आणि सी६ या तीन गुणांकडे, म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, निर्णय बाकी असलेले सेक्टर आणि दुरुस्त न झालेले सेक्टर यांच्याकडे, विशेष लक्ष देते आणि ते योग्यच आहे. परंतु सी७, म्हणजे केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुकांची मोजणी, वाढलेली असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो, डिस्कचा नव्हे. या ओळीला डिस्कच्या धोक्याचाच रंग दिला तर चांगली डिस्क बदलली जाईल आणि खराब केबल तशीच राहील. अशा ओळीसाठी रंगाऐवजी शब्दच उपयोगाचे आहेत: ‘केबल तपासा’ असे तेथे सरळ लिहिलेले असावे. तापमानाचेही तसेच, उन्हाळ्यात दुपारी बंद खोलीत डिस्क पन्नाशीच्या पुढे गेली तर पंखा लावायचा आहे, डिस्क टाकून द्यायची नाही.

राखाडी ‘अज्ञात’ अवस्थेबद्दल मी विशेष आग्रही आहे. यूएसबीच्या बाह्य डबीतून जोडलेल्या डिस्कची स्मार्ट माहिती पुष्कळदा संगणकापर्यंत पोहोचतच नाही, कारण मधली चिप ती पुढे देत नाही. अशा वेळी काही प्रोग्राम कोणतीही तक्रार न आढळल्याचा अर्थ ‘चांगली’ असा करतात आणि समाधानाचा रंग दाखवतात. माहिती नसणे आणि माहिती चांगली असणे यांना वेगळे रंग हवेतच, शिवाय वेगळा आकारही हवा. मी अज्ञातासाठी फक्त तुटक रेषेची रिकामी चौकट ठेवतो, म्हणजे तिच्यात काहीही भरलेले नाही हे दिसते.

आणि जेथे माहिती मिळते तेथेही ‘चांगली’ या अवस्थेला किती ठळक रंग द्यावा याचा विचार करायला हवा. गूगलमधील संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदींवर आधारित निबंध प्रसिद्ध केला होता. पृष्ठभाग वाचताना पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. पण त्याच निबंधात हेही नोंदवले आहे की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. याचा अर्थ असा की लाल रंगावर पुष्कळ विश्वास ठेवावा, आणि हिरव्यावर फार थोडा. ग्राहकाला मोठ्ठा तजेलदार हिरवा चौकोन दाखवला की तो बॅकअपचा विषयच मनातून काढून टाकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून निरोगी अवस्थेसाठी मी शांत राखाडी वापरतो आणि शेजारी ‘दोष आढळला नाही’ एवढेच लिहितो.

रंग शेवटी कोणत्या परिस्थितीत पाहिले जाणार हेही ठरवणाऱ्याने मनात धरावे. दुकानांतून स्वस्त टीएन पॅनेलचे मॉनिटर असतात, त्यांच्याकडे उभ्याने किंवा बाजूने पाहिले की फिकट छटा एकमेकींत मिसळतात. बाहेरगावचा ग्राहक पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि त्यात पिवळा भाग सरळ पांढरा झालेला असतो. कंपनीला किंवा विमेदाराला द्यायचा अहवाल काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर छापला जातो. मी माझा पट या तिन्ही मार्गांनी पाहून घेतो: तिरक्या कोनातून, मोबाइलच्या फोटोत आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत. त्यांत छपाईची कसोटी सर्वांत कडक आणि सर्वांत उपयोगी ठरते, कारण ती रंगाची जात पूर्ण काढून टाकते आणि उजळपणा व चिन्हे यांवर किती अर्थ टिकला ते उघडे करते.

सध्या माझ्या प्रोग्राममध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाच पायऱ्या आहेत. १० मिलिसेकंदांच्या आतला ब्लॉक अगदी फिकट राखाडी, ५० पर्यंतचा मध्यम फिकट, २०० पर्यंतचा मध्यम राखाडी, त्यापुढचा ओकाबे-इतो संचातला शेंदरी आणि त्यावर एक आडवी रेघ, आणि वाचता न आलेला ब्लॉक काळा, त्यात पांढरी फुली. न वाचलेला भाग तुटक चौकटीचा. फिकटाकडून गडदाकडे जाणारा क्रम कोठेही मोडत नाही. शेंदरी हा मध्यम राखाडीपेक्षा किंचित गडदच आहे, आणि ज्यांना लाल काळवंडलेला दिसतो त्यांच्यासाठी तो काळ्याच्या दिशेने आणखी थोडा सरकतो, पण क्रम तोच राहतो. निळा आणि हिरवा हे दोन्ही रंग मी मुद्दाम वगळले आहेत, कारण शेजारच्या खिडकीत दुसरा प्रोग्राम त्यांना कोणता अर्थ देत असेल हे माझ्या हातात नाही. माझ्या सहकाऱ्यांनी हा पट पाहिल्यावर शेंदरी ब्लॉकवरची रेघ थोडी जाड करायला सांगितली, ती केली आहे. रंग बदलण्याची मुभा सेटिंगमध्ये ठेवली आहे, रेघ आणि फुली काढून टाकण्याची ठेवलेली नाही. काळ्या थीममध्ये मधल्या दोन राखाडी छटांमधले अंतर अजून मला पुरेसे वाटत नाही, विशेषतः जुन्या मॉनिटरवर, आणि सध्या त्याच छटांवर काम चालू आहे.